ऊस, वीज, पाणी आणि राख : बीडचं गणित एकत्र का मांडायला हवं?

(नेहमीप्रमाणे हा ताज्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना अडखळलेलं काढून टाकलंय, दोन-तीन ठिकाणी आकडे नीट करून लिहिलेत. बाकी जसं बोललो तसंच आहे.)

आजचा विषय जरा घरचा आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, मी मूळचा बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातला. बीटेक झालं आणि गेली पाच-सहा वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे.

गेल्या दिवाळीला घरी गेलो तेव्हा अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "विहीर काठोकाठ हाय आवंदा. तीन एकर ऊस लावावा म्हणतो. तू शिकलेला माणूस, काय वाटतं तुला?"

मला पटकन उत्तरच देता आलं नाही. ऑफिसात मी दिवसभर सिस्टीम कशी कोसळू शकते यावर बोलत असतो, आणि घरच्या तीन एकरांवर माझ्याकडे धड मत नव्हतं. मग सुट्टीतले दोन दिवस वही आणि एक्सेल घेऊन बसलो. आजचा भाग त्या वहीतून आलाय.

आधी शब्द समजून घेऊ

पाणी, ऊर्जा आणि अन्न या तीन गोष्टी एकमेकींत अडकलेल्या आहेत, एकीला हात लावला की दुसरी हलते. या विचाराला इंग्रजीत 'नेक्सस' म्हणतात. २०११ मध्ये जर्मनीतल्या बॉन शहरात यावर मोठी परिषद झाली, तिथून हा शब्द धोरणांच्या भाषेत रुळला. त्यात आता चौथी गोष्ट धरतात, ती म्हणजे कचरा. सांडपाणी, राख, मळी, पाचट, शेण, सगळं त्यात आलं.

मराठीत सरळ सांगायचं तर धान्य, वीज, पाणी आणि उकिरडा यांचा हिशोब एकाच वहीत ठेवायचा. आपल्या आज्या घर असंच चालवायच्या. जनावराचं शेण शेतात, शेतातला कडबा जनावराला, धुण्याचं पाणी आळूला. सरकारी कामकाजात मात्र या चार वह्या चार वेगवेगळ्या कपाटांत आहेत आणि कपाटांच्या किल्ल्या चार वेगळ्या लोकांकडे.

परळी : पाणी संपलं आणि वीज थांबली

हे पुस्तकी वाटू नये म्हणून परळीचं उदाहरण घेतो. परळी वैजनाथ म्हटलं की बाहेरच्या लोकांना ज्योतिर्लिंग आठवतं. आम्हाला त्यासोबत औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्याही आठवतात.

कोळशाच्या केंद्रात कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात, वाफेनं टर्बाइन फिरतं आणि मग ती वाफ थंड करावी लागते. या थंड करण्यात पाणी उडून जातं. म्हणजे कोळशाइतकंच पाणी हेही कच्चा माल आहे. परळीचा कोळसा बाहेरून रेल्वेनं येतो आणि पाणी मुख्यतः गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून. तिथं कमी पडलं की वरच्या धरणांकडे बघायचं.

२०१३ च्या दुष्काळात हे केंद्र पाण्याअभावी बंद करावं लागलं. पुन्हा २०१५ च्या पावसाळ्यात तीच वेळ आली. हजार मेगावॅटच्या वर क्षमता असलेलं केंद्र कोळसा असून, माणसं असून, मशीन असून बंद, कारण पाणी नाही. आमच्या भाषेत याला 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतात. म्हणजे एक खिळा निखळला की अख्खी गाडी बसते.

आता बघा, एक गोष्ट थांबली की पुढे काय काय थांबतं. राज्याचं ग्रिड एकमेकांना जोडलेलं असल्यानं वीज दुसरीकडून आणता येते, त्यामुळे घरातला दिवा लगेच जात नाही. पण केंद्रावरच्या कंत्राटी कामगाराचा रोज जातो. संच बंद म्हणजे राख बंद, आणि राखेच्या विटा करणाऱ्याचा कच्चा माल बंद. कोळशाच्या रेकवर, ट्रकवर, चहाच्या टपरीवर जगणारे सगळे बसून. पाणी संपलं नदीत, पण हप्ता थकला परळीतल्या कुणाच्यातरी दुचाकीचा.

जरा आकडेमोड करू

डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं नियम केला की कूलिंग टॉवर असलेल्या जुन्या औष्णिक केंद्रांनी एका मेगावॅट-तासाला साडेतीन घनमीटरपेक्षा जास्त पाणी वापरायचं नाही. म्हणजे एका युनिटला साडेतीन लिटर. हाच दर धरू.

१,००० मेगावॅटचं केंद्र दिवसभर पूर्ण क्षमतेनं चाललं, तर २४ हजार मेगावॅट-तास वीज होते आणि ८४ हजार घनमीटर पाणी लागतं. म्हणजे रोज ८ कोटी ४० लाख लिटर. वर्षाचं साधारण ३० दशलक्ष घनमीटर, आपण पेपरात 'दलघमी' वाचतो ते. माजलगाव धरणाचा उपयुक्त साठा ३१२ दलघमी आहे. म्हणजे जवळजवळ एक दशांश.

आकडा मोठा वाटतो ना? आता शेजारी ऊस ठेवू.

आपल्याकडे उसाला पूर्ण हंगामात साधारण २,००० मिलिमीटर पाणी लागतं असं धरतात. बीडचा सरासरी वार्षिक पाऊस ६६६ मिलिमीटरच्या आसपास, आणि तो सगळा पिकाच्या मुळाशी जात नाही. ५०० मिलिमीटर उपयोगी पडला असं समजू. उरलेलं १,५०० मिलिमीटर धरणातून, विहिरीतून किंवा बोअरमधून द्यायचं. हेक्टरी १ मिलिमीटर म्हणजे १० हजार लिटर. म्हणजे पाटपाण्यावरच्या एका हेक्टर उसाला वरून दीड कोटी लिटर.

म्हणजे अख्ख्या वीज केंद्राचं वर्षाचं पाणी आणि २,००० हेक्टर उसाचं पाणी जवळपास सारखं. १० हजार हेक्टर ऊस धरला तर १५० दलघमी. केज तालुक्यात धनेगावला जे मांजरा धरण आहे, त्याचा उपयुक्त साठा सुमारे १७७ दलघमी. म्हणजे फक्त १० हजार हेक्टर ऊस जवळपास एक मांजरा धरण पिऊन टाकतो, आणि त्यात कालव्याची गळती आणि बाष्पीभवन मी धरलेलंच नाही.

याच मांजरा धरणावर लातूर शहर अवलंबून आहे. धरण कोरडं पडलं तेव्हा एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. सुमारे ३४० किलोमीटर. आधी १० वॅगन, नंतर ५० वॅगनची गाडी, एका फेरीत २५ लाख लिटर. देशभर बातम्या झाल्या. पण वहीत मांडून बघा. एका हेक्टर उसाचं वर्षाचं वरचं पाणी म्हणजे अशा ५० वॅगनच्या सहा गाड्या.

हे ऐकून कुणी म्हणेल, झालं, शेतकऱ्याला दोष दिला. थांबा. पुढचं ऐका.

मग शेतकरी ऊस का लावतो?

कारण त्याच्या बाजूनं बघितलं तर तो अगदी बरोबर गणित करतोय.

२०२४-२५ च्या हंगामात उसाची एफआरपी टनाला ३,४०० रुपये होती, १०.२५ टक्के उताऱ्यासाठी. एकरी ३० टन धरले तर १ लाख २ हजार. त्यातून तोडणी-वाहतूक कापली जाते. टनाला ९०० धरले तर हातात ७५ हजार. सोयाबीनचा त्या वर्षीचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये. एकरी साडेपाच क्विंटल धरले तर २७ हजारांच्या आत. तोही हमीभाव मिळाला तर! (दोन्हीकडे लागवडीचा खर्च मी वजा केलेला नाही, फक्त ढोबळ तुलना.)

शिवाय ऊस गारपिटीत सोयाबीनसारखा भुईसपाट होत नाही. परतीच्या पावसात शेंगा कुजतात, उसाचं तसं होत नाही. ऊस कारखाना नेतो, पैसे उशिरा का होईना येतात. अण्णांचं वाक्य होतं, "सोयाबीनचा भाव अडत्या ठरवतो, उसाचा सरकार ठरवतं. कुणावर भरवसा ठेवू?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग मी तेच गणित एकराऐवजी लिटरवर मांडलं. एक एकर उसाला वरून साधारण ६० लाख लिटर पाणी. सोयाबीन मुख्यतः पावसावर, खंड पडला तर दोन संरक्षित पाणी, म्हणजे साधारण ४ लाख लिटर. दर हजार लिटरमागे ऊस साडेबारा रुपये देतो आणि सोयाबीन ६० रुपयांच्या वर.

एकरावर मोजलं तर ऊस जिंकतो, लिटरवर मोजलं तर सोयाबीन. आता मला सांगा, अण्णांना लिटरचं बिल कोण देतं? कुणीच नाही. जमीन मोजलेली आहे, सातबारा आहे. पाणी मोजलेलं नाही. जे मोजलं जात नाही ते फुकट वाटतं आणि फुकटातलं आधी संपतं. सगळ्या विषयाची गाठ मला तरी इथंच दिसली.

फुकट वीज, खोल बोअर

विहीर आटली की माणूस बोअरकडे वळतो. ५०० फुटांवरून म्हणजे साधारण दीडशे मीटरवरून हजार लिटर पाणी उपसायला, पंपाची कार्यक्षमता धरून, एक युनिट किंवा थोडी जास्तच वीज लागते. म्हणजे ६० लाख लिटरला ६ हजार युनिट. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या घराची ही पाच वर्षांची वीज, एका एकर उसाच्या एका हंगामासाठी.

एप्रिल २०२४ पासून राज्यात साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या कृषिपंपांना वीजबिल माफ आहे. सौर पंपांच्या योजना जोरात आहेत. रात्री-बेरात्री साप-विंचवात पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाला दिवसा वीज मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे. मी स्वतः लहानपणी बॅटरी घेऊन अण्णांमागं गेलोय, त्यामुळे मी याच्या विरोधात बोलणार नाही. पण सौर पंपाला प्रत्येक युनिटचं बिल नाही, म्हणजे पंप बंद करण्याचं कारणही नाही. ऊर्जा खात्याच्या वहीत हे यश आहे. भूजलाच्या वहीत तोच खर्च आहे. दोन वह्या एकत्र ठेवल्या असत्या तर सौर पंप देताना सोबत ठिबक आणि पाण्याचं मीटर दिलं असतं.

इथेनॉलचंही तसंच. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचं उद्दिष्ट आधी २०३० चं होतं, ते अलीकडे ओढलं. कारखान्यांनी आसवनी प्रकल्प वाढवले. मग पाऊस कमी झाला, साखर कमी पडेल अशी भीती आली आणि डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एकदम बंदी घातली, नंतर काही दिवसांत मर्यादा घालून सूट दिली. म्हणजे शिवारातला पाऊस, वाण्याकडची साखर आणि पेट्रोल पंपावरचं इंधन एकाच दोरीला बांधलेले. दोरी ओढली गेली तेव्हाच ती सगळ्यांना दिसली.

कचरा म्हणजे चुकीच्या जागी पडलेला माल

उसाचं एक बरं आहे, त्यात फेकण्यासारखं फार काही नाही. बगॅस जाळून कारखाना स्वतःची वीज करतो, उरलेली विकतो. मळीपासून अल्कोहोल. प्रेसमडपासून खत, आणि आता बायोगॅसही. उसाच्या वजनात ७० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, ते गाळपात बाहेर पडतं. नीट वापरलं तर कारखान्याची पाण्याची बरीच गरज त्यातून भागते.

पण आसवनीत एक लिटर अल्कोहोलमागे ८ ते १५ लिटर स्पेंट वॉश निघतो. तपकिरी, उग्र वासाचा. तो नीट हाताळला नाही आणि ओढ्यात गेला की खालच्या गावांच्या विहिरी जातात. म्हणजे ऊर्जेचा कचरा परत पाण्याच्या खात्यात.

शेतात पाचट असतं. हेक्टरी ८-१० टन. काडी लावली की धूर, जमिनीतले जीव मेले, सेंद्रिय कर्ब गेला. तेच सरीत पसरलं तर ओल टिकते, पाण्याच्या पाळ्या कमी होतात. कचऱ्याच्या वहीतली एक ओळ बदलली की पाण्याच्या वहीत जमा होते.

आता परळीकडे परत येऊ. आपल्या कोळशात राखेचं प्रमाण ३०-४० टक्के. ती पाण्यात कालवून तलावात सोडली तर तिथंही पाणी जातं आणि तलाव सुकला की उन्हाळ्यात राख उडते. कोरडी उचलून सिमेंटला, विटांना दिली तर पाणी वाचतं.

आणि सांडपाणी? नागपूरला भांडेवाडीत दिवसाला १३ कोटी लिटर सांडपाणी शुद्ध करून ते कोराडीच्या वीज केंद्राला देण्याची व्यवस्था महापालिका आणि महानिर्मिती यांनी मिळून केली. जानेवारी २०१६ च्या राष्ट्रीय वीजदर धोरणातही आहे की सांडपाणी शुद्धीकरण केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांनी ते पाणी वापरावं.

मग परळीत का नाही? मी गणित करून पाहिलं. परळी शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत नव्वद हजारांच्या आसपास. माणशी रोज १०० लिटर पाणी दिलं आणि ८० टक्के सांडपाणी झालं, तर दिवसाला ७२ लाख लिटर. केंद्राला हवेत ८ कोटी ४० लाख. म्हणजे बारावा हिस्सा. नागपूर मोठं शहर आहे, परळी नाही. म्हणून दुसऱ्या गावाचं मॉडेल कॉपी-पेस्ट करून चालत नाही, आधी आपले आकडे टाकून बघावे लागतात. पण बारावा हिस्साही दुष्काळात फुकट जाऊ देण्यासारखा नाही. राख हाताळायला, धूळ बसवायला, झाडांना तर नक्कीच वापरता येईल.

मग हे एकत्र करायचं कुणी?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळत होता. पाटबंधारे एकीकडे, महावितरण दुसरीकडे, कृषी तिसरीकडे, साखर आयुक्त पुण्यात, सांडपाणी नगरपरिषदेकडे, प्रदूषण मंडळ वेगळं.

पण राज्यघटनेत याची जागा आधीच आहे! ७४ व्या घटनादुरुस्तीनं कलम २४३ झेडडी आलं, जिल्हा नियोजन समितीचं. त्यात स्पष्ट म्हटलंय की समितीनं जिल्ह्याचा विकास आराखडा करताना ग्रामपंचायती आणि नगरपालिकांचे सामाईक प्रश्न, पाण्याची आणि इतर नैसर्गिक साधनांची वाटणी, पायाभूत सुविधांचा एकात्मिक विकास आणि पर्यावरण यांचा विचार करावा. म्हणजे आपण आज तासभर जे बोलतोय ते घटनेत एका परिच्छेदात लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात या समितीच्या बैठकीची बातमी आपण वाचतो ती निधी किती आला आणि किती खर्च झाला, एवढीच.

मला वाटतं सुरुवात एका साध्या गोष्टीनं होऊ शकते. दर वर्षी १५ ऑक्टोबरला धरणांत किती साठा आहे ते बघून पाण्याचं नियोजन होतं. त्याच दिवशी त्याच टेबलवर चार रकाने ठेवायचे. पिण्याला किती, वीज केंद्राला किती, कोणत्या पिकाला किती, आणि वापरून झालेलं परत किती येणार. आणि तो तक्ता पेरणीच्या आधी गावात लावायचा. फेब्रुवारीत 'आवर्तन मिळणार नाही' असं सांगून उपयोग नाही, तोवर ऊस गुडघाभर आलेला असतो.

हे जमतं का? आपल्या शेजारच्या जिल्ह्यात, हिवरे बाजारात, जमलंय. पोपटराव पवारांच्या नेतृत्वात गावानं पावसाचं पाणी मोजून पाण्याचा ताळेबंद मांडला, शेतीसाठी बोअर बंद, ऊस बंद, आणि ताळेबंद बघून पिकं. ते एक गाव आहे आणि बीडचे ११ तालुके आहेत, हे मला मान्य. पण मोजणं सगळ्यांना शक्य आहे.

यात एक बोचरी गोष्ट राहतेच. दर वर्षी दिवाळीनंतर आमच्या जिल्ह्यातून लाखो माणसं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला जातात. माझ्या वर्गातली निम्मी पोरं मार्चपर्यंत शाळेत नसायची. गावात पाणी नाही म्हणून ते जातात, आणि जातात ते सगळ्यात जास्त पाणी पिणारं पीक तोडायला. गावाच्या पाण्याचा ताळेबंद जमला आणि रब्बीत ज्वारी-हरभरा हाती लागला, तर काही घरांची तरी उचल घ्यायची वेळ टळेल. माझ्यासाठी हा विषय शेवटी इथं येऊन थांबतो.

अण्णांचं काय झालं?

मी त्यांना एक्सेल दाखवलं. त्यांनी चष्मा लावून शांतपणे बघितलं आणि विचारलं, "ह्यात मोटर जळाल्याचा खर्च कुठंय?" नव्हता. टाकला.

शेवटी ठरलं ते असं : तीन एकरऐवजी एक एकर ऊस, तोही ठिबकवर. पाचट जाळायचं नाही. उरलेल्या दोन एकरांत हरभरा, आणि पावसाळ्यात सोयाबीन-तूर. ठिबकसाठी मी थोडे पैसे घातले. भाव पडला तर पुढच्या दिवाळीला मला ऐकून घ्यावं लागणार आहे, त्याची तयारी आहे.

तुमच्या गावात विहिरींची पातळी कोणी मोजतं का? कालव्याच्या आवर्तनाची माहिती पेरणीआधी कळते का? तुमच्या भागाचे आकडे असतील तर नक्की पाठवा, पुढच्या भागात एखाद्या गावाचा ताळेबंद आपण मिळून मांडून बघू. तोवर काळजी घ्या, आणि घरी फोन केला की एकदा विचारा, विहिरीला पाणी किती आहे.

भेटू पुढच्या भागात.